लग्नाची तारीख, विभक्त झाल्याची तारीख

माझं काम हिशोबाचं. लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रं भरायची, नोटिसांना उत्तरं द्यायची. पण गेली काही वर्षं एक वकील मैत्रीण अधूनमधून तिच्या अशिलांना माझ्याकडे पाठवते. त्यात बहुतेक बायकाच असतात. घटस्फोटात पोटगीचा प्रश्न निघाला की दोन्ही बाजूंना आपापल्या मालमत्तेचं आणि देण्यांचं सविस्तर शपथपत्र द्यावं लागतं. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२० मध्ये त्याचा नमुनाच ठरवून दिला. तो भरताना ज्यांनी आयुष्यात फॉर्म १६ (पगारावर कापलेल्या कराचा दाखला) पाहिलेला नाही, त्यांची गाळण उडते. मग त्या माझ्यासमोर येऊन बसतात.

त्या नमुन्यात सुरुवातीलाच दोन तारखा विचारल्या आहेत. लग्नाची आणि विभक्त झाल्याची. पुढे शिक्षण, उत्पन्न, घर, जमीन, ठेवी, शेअर, दागिने, गाडी, कर्ज.

मागच्या वर्षी आलेल्या बाईंच्या तारखा होत्या मे १९९७ आणि जून २०२३. मध्ये सव्वीस वर्षं. बी.कॉम. झालेल्या, लग्नाआधी आणि नंतर मिळून तीन वर्षं एका पतपेढीत कॅशियर. पहिलं मूल झालं, नवऱ्याची बदली झाली, नोकरी सुटली. उत्पन्न, निरंक. स्वतःच्या नावावर स्थावर, निरंक. ठेवी, एक पस्तीस हजारांची. फ्लॅट २००३ चा, नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. बँकेला भरायच्या सुरुवातीच्या रकमेसाठी बाईंच्या पाटल्या आणि गोठ मोडले होते. सोनाराची पावती आहे का, म्हणून विचारलं. होती. जपून ठेवलेली, घडीवर चिरलेली. पण नाव नवऱ्याचं, कारण दुकानात तोच गेला होता.

त्यांनी सोबत एक कापडी पिशवी आणली होती. आत घरखर्चाच्या वह्या. दूध, किराणा, शाळेची फी, सासूबाईंची औषधं, सगळं तारीखवार. मी पाहिलेल्या कितीतरी दुकानदारांपेक्षा नीट ठेवलेलं. ‘यातलं काय जोडायचं?’ त्यांनी विचारलं. जोडण्यासारखं काही नव्हतं. ती नवऱ्याच्या पैशाची जावक होती, त्यांच्या मालमत्तेची आवक नव्हे.

तेव्हापासून माझ्या मनात एक मुद्दा घोळतो आहे. संसाराची वर्षं आपला कायदा विचारतो, नोंदवून घेतो, आणि मग त्यांचं काय करायचं ते त्याला ठाऊक नाही.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याचं कलम २५ कायमस्वरूपी पोटगीचं. कोर्टानं काय बघावं? देणाऱ्याचं उत्पन्न आणि मालमत्ता, मागणाऱ्याचं उत्पन्न आणि मालमत्ता, दोघांची वर्तणूक, आणि ‘इतर परिस्थिती’. लग्न किती वर्षं टिकलं, हे शब्द त्यात नाहीत. ते बसवायचेच तर ‘इतर परिस्थिती’च्या गाठोड्यात. याच कायद्यातलं कलम २७ मालमत्तेचं, पण तेही लग्नात किंवा लग्नाच्या आगेमागे मिळालेल्या, दोघांच्या मालकीच्या वस्तूंपुरतं. म्हणजे रुखवतातल्या चांदीच्या ताटाचा निवाडा होऊ शकतो. पुढच्या पंचवीस वर्षांत घेतलेल्या फ्लॅटचा नाही. तो ज्याच्या नावावर, त्याचा.

पोटगीचं एक ढोबळ माप कोर्टांत ऐकू येतं, नवऱ्याच्या हातात पडणाऱ्या पगाराच्या २५ टक्के. सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये ते रास्त म्हटलं, आणि त्यासाठी १९७० च्या आपल्याच एका निकालाचा आधार घेतला. माप काही पक्कं नाही, न्यायाधीश खालीवर करतात. पण मापाकडे नीट बघा. दोन वर्षांच्या संसारालाही पंचवीस, तीस वर्षांच्या संसारालाही पंचवीस.

वर्षांचा उघड उल्लेख २०२० च्या त्या निकालात आला. पण कशासाठी? हल्ली अनेक लग्नं फार काळ टिकत नाहीत, अशा वेळी एकानं दुसऱ्याला जन्मभर पोसत राहावं हे अन्यायाचं होऊ शकतं, म्हणून कायमस्वरूपी पोटगी ठरवताना लग्नाचा कालावधीही पाहावा, असा त्याचा आशय. मुद्दा बरोबर आहे, मला तो मान्यही आहे. फक्त दिशा बघा. वर्षं हिशोबात शिरली ती वजाबाकीच्या बाजूनं. छोट्या संसाराला कात्री लावायची म्हणून. मोठ्या संसाराला काय जोडायचं, याचं सूत्र कुठेच आलं नाही. घरासाठी नोकरी सोडली असेल तर तेही विचारात घ्यावं, असं त्याच निकालात आहे. चांगलंच आहे. पण ‘विचारात घेणे’ हे माप नव्हे. मी उद्या प्राप्तिकर खात्याला लिहून कळवलं की माझ्या उत्पन्नाचा योग्य तो विचार करून कर लावून घ्या, तर काय होईल?

समाजमाध्यमांवर मात्र या विषयाची चर्चा नेमकी उलट्या टोकाला चालते. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात एक प्रकरण गाजलं. जेमतेम दीड वर्षाचं लग्न. बाईंची मागणी मुंबईत फ्लॅट, १२ कोटी रुपये आणि एक महागडी गाडी. एवढ्या शिकलेल्या आहात, स्वतः कमवा, असं सरन्यायाधीशांनी सुनावलं. ती बातमी प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरली. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये एका अतिश्रीमंत नवऱ्याच्या दुसऱ्या, अल्पकाळच्या लग्नाचा निकाल आला. पहिल्या पत्नीला ५०० कोटी मिळाले, तर मलाही तसेच हवेत, असा दावा होता. कोर्टानं तो मानला नाही. घटस्फोटित नवऱ्याच्या ऐश्वर्याशी कायम बरोबरी राखणं हा पोटगीचा हेतू नव्हे, असं सांगून १२ कोटी दिले.

लोक चिडतात, आणि त्यांच्या चिडण्यात तथ्य आहे. दीड वर्षाचं, मूलबाळ नसलेलं लग्न मोडलं तर दोघं जिथून निघाले तिथं परत पोचावेत, जमेल तितकं. त्यासाठी जो खर्च होईल तेवढा मिळावा, वर काही नाही. पण हे ज्याला पटतं, त्यानं पुढचं पाऊलही टाकायला हवं. वर्षं कमी म्हणून हक्क कमी असेल, तर वर्षं जास्त म्हणून हक्क जास्त. तिथं आल्यावर गटावर सामसूम होते.

उलटं टोक कसं दिसतं, त्यासाठी शाहबानोचा खटला पुन्हा वाचावा, एकदा धर्म आणि राजकारण बाजूला ठेवून, फक्त आकडे. लग्न १९३२ मध्ये. पाच मुलं. १९७५ मध्ये नवऱ्यानं घराबाहेर काढलं, म्हणजे ४३ वर्षांनी. १९७८ मध्ये तिनं इंदूरच्या कोर्टात महिना ५०० रुपये मागितले, कारण कायद्यानं त्याहून जास्त मागताच येत नव्हतं. ती मर्यादा २००१ पर्यंत टिकली. १९७८ मध्येच नवऱ्यानं तलाक दिला. तो वकील, वर्षाची कमाई ६० हजारांच्या आसपास. खालच्या कोर्टानं महिना किती मंजूर केले? २५ रुपये. हायकोर्टानं वाढवले ते १७९ रुपये २० पैसे. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टात कायम झाला तो हाच आकडा, ज्यावरून पुढे देश पेटला. नवऱ्याच्या महिन्याच्या कमाईच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास. त्रेचाळीस वर्षं ती चार वर्षं असती, तरी आकड्यात काही फरक पडण्याचं कारण नव्हतं. कारण प्रश्न विचारला गेला तो एवढाच, की हिला जगायला किती लागतं?

गोम नेमकी इथं आहे. पोटगी गरजेवर उभी आहे आणि गरजेला इतिहास नसतो. ती आजच्या भाकरीकडे बघते. म्हणून कलम २५ मध्ये दुसरं लग्न केलं की पोटगी बंद होऊ शकते, परिस्थिती बदलली की रक्कम बदलू शकते. गरज म्हणून पाहिलं तर यात चूक काहीच नाही. गरज संपली, देणं संपलं. पण सव्वीस वर्षं जी बाई घर चालवत होती, तिनं त्या वर्षांत काही कमावलं होतं असं आपण मानतो का? मानत असू, तर तिनं पुढे कुणाशी लग्न केलं याच्याशी त्या कमाईचा संबंध काय? माझी मुदत ठेव मी दुसऱ्यांदा लग्न केलं म्हणून बँक बुडवत नाही.

कायद्याला वर्षं मोजता येत नाहीत असंही नाही. ग्रॅच्युइटी घ्या. नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार. मालक खूश होता का, कामगाराला गरज आहे का, तो निवृत्तीनंतर दुसरीकडे कामाला लागणार का, कुणी विचारत नाही. वर्षं भरली, रक्कम लागू झाली. आणि घरकामाची किंमत करता येत नाही, असंही नाही. जमशेदपूरला मार्च १९८९ मध्ये एका समारंभात आग लागून अनेक बायका-मुलं गेली. त्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये गृहिणीच्या घरकामाचं मोल महिना ३,००० रुपये धरलं. अपघातातल्या भरपाईचा असाच एक निकाल जानेवारी २०२१ मध्ये आला. त्यात कोर्टानं सरकारी वेळ-वापर पाहणीचे आकडेच मांडले: बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करते, पुरुष ९७. (२०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. दोघांनीही मिळून काम कमी केलं, एवढाच काय तो समानतेचा विजय.) म्हणजे गृहिणी ट्रकखाली आली तर तिच्या कामाचं मोल होतं, आणि ते तिच्या नवऱ्याला मिळतं. ती जिवंत राहून घटस्फोट घ्यायला आली, की तेच काम निरंक.

दुसरीकडे वर्षं कशी मोजतात ते पाहायला हरकत नाही. कॅनडात पोटगीसाठी मार्गदर्शक सूत्रं आहेत, कायद्यासारखी बंधनकारक नाहीत पण सर्रास वापरली जातात. लहान मुलं नसतील तर दोघांच्या उत्पन्नातल्या फरकाच्या दीड ते दोन टक्के, दर वर्षामागे. पंचविसाव्या वर्षी ते पन्नास टक्क्यांच्या कमाल मर्यादेला टेकतं. मुदतही तशीच: लग्नाच्या दर वर्षाला सहा महिने ते एक वर्ष, आणि वीस वर्षांच्या पुढे मुदत बांधायची नाही. दोघांच्या महिन्याच्या उत्पन्नात लाखाचा फरक आहे असं धरा. चार वर्षांच्या संसाराला महिना सहा ते आठ हजार, तेही दोन ते चार वर्षं. सव्वीस वर्षांच्या संसाराला साडेसदतीस ते पन्नास हजार, बेमुदत. दीड वर्षाच्या लग्नाला कोटी देण्यावरून चिडणाऱ्या माणसाला हे सूत्र आवडायला हवं.

सगळीकडे असा उतार नाही. काही ठिकाणी कडा आहे. कॅलिफोर्नियात दहा वर्षांखालचं लग्न असेल तर पोटगीची साधारण मुदत लग्नाच्या निम्मी. दहा वर्षं ओलांडली की ते ‘दीर्घ लग्न’ ठरतं आणि कोर्ट सहसा शेवटची तारीख बांधून देत नाही. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षेतही घटस्फोटित जोडीदाराच्या नोंदीवर निवृत्तीचा लाभ हवा तर लग्न किमान दहा वर्षं टिकलेलं लागतं. न्यूझीलंडमध्ये निम्म्या वाटणीचा पूर्ण नियम तीन वर्षांनंतर लागतो. कडा असला की माणसं त्याच्या अलीकडे-पलीकडे हिशोब करणारच. नऊ वर्षं अकरा महिने झाले की एक जण घाई करणार, दुसरा दम धरणार. आपल्याकडे असा कडा आणू नये. पाचव्या वर्षी काही नाही आणि सहाव्या वर्षी सगळं, याला न्याय म्हणत नाहीत.

पण माझा खरा आग्रह पोटगीच्या सूत्राचा नाहीच. तो मालमत्तेचा आहे. जर्मनीत मुळात ही पद्धत आहे, आणि हिशोब करणाऱ्या कुणालाही ती पाहताक्षणी आवडेल. लग्नाच्या दिवशी प्रत्येकाची आरंभीची शिल्लक किती? लग्न मोडलं तेव्हाची अखेरची शिल्लक किती? मधली वाढ ज्याची जास्त, त्यानं फरकाची निम्मी रक्कम दुसऱ्याला द्यायची. वारशानं आलेलं आरंभीच्या शिलकेत धरायचं. झालं. आता गंमत अशी, की या पद्धतीत वर्षं वेगळी मोजावीच लागत नाहीत. ती आकड्यात आपोआप येतात. दीड वर्षात फारशी वाढ होत नाही, तर वाटायलाही फारसं नाही. मग नवऱ्याच्या आजोबांची गिरणी असो की बंगला. सव्वीस वर्षांत फ्लॅटचं कर्ज फिटलेलं असतं, भविष्य निर्वाह निधी फुगलेला असतो. ते निम्मं. न्यायाधीशांच्या दयेचा प्रश्न नाही, कुणी लोभी ठरण्याचा नाही, आणि कुणाची वर्तणूक कशी होती हे उकरण्याचाही नाही.

हे सगळं परदेशी, आपल्या मातीत रुजायचं नाही, असं म्हणणाऱ्यांनी पत्रादेवीचा नाका ओलांडून पाहावा. अलीकडे सिंधुदुर्ग, पलीकडे गोवा. माणसं तीच, देव तेच, पुष्कळदा आडनावंही तीच. पण गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आजही लागू आहे, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता लग्नापासूनच सामाईक. निम्मी-निम्मी. नवऱ्याला बायकोच्या संमतीशिवाय घर किंवा जमीन विकता येत नाही, तसंच बायकोलाही. १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले, कायदा राहिला. त्यामुळे गोव्यातली कुटुंबव्यवस्था काही कोसळली नाही.

गोव्याची पद्धत मला जशीच्या तशी नको. तिथं लग्नाआधीचं आणि वारशाचंही सामाईक होतं, म्हणजे वर्षाच्या लग्नातही वडिलोपार्जित वाड्याचा निम्मा प्रश्न उभा राहू शकतो. तीस वर्षांत जे मिळायला हवं ते पहिल्याच दिवशी. मला हवं ते मधलं: लग्नानंतर जे मिळवलं, त्यात दोघांचा सारखा वाटा, लग्नाआधीचं आणि वारशाचं ज्याचं त्याला.

याच ठिकाणी शेतीचा आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. दोन एकर कोरडवाहू, तेही वडिलोपार्जित. त्यातून काय द्यायचं? उत्तर असं की जमीन वारशाची असेल तर ती या वाटणीत येत नाही. पण त्या जमिनीवर लग्नानंतर खोदलेली विहीर, घातलेली पाइपलाइन, घेतलेला ट्रॅक्टर, उभा केलेला गोठा येतो. आणि तो यायलाच हवा, कारण त्या गोठ्यातलं शेण कुणी काढलं हे गावात सगळ्यांना माहीत असतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची चळवळ उभारली, तेव्हा शेतकऱ्यांनी आपल्या राजीखुशीनं बायकांच्या नावावर जमीन केली. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागणं हे महाराष्ट्राला नवं नाही. फरक एवढाच की ती मर्जी होती. मर्जीवर किती काळ राहायचं?

शहरात आता दुसरं चित्र दिसतं. बाईच्या नावानं घर घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. ती मिळावी म्हणून फ्लॅट बायकोच्या नावावर घेणारे मी पाहते. घटस्फोटात हेच नवरे सांगतात, नाव फक्त सवलतीपुरतं होतं हो, हप्ते मी भरले. म्हणजे नाव कुणाचंही असो, हिशोब शेवटी हप्त्याच्या पावतीवर. हप्ता भरायला तो मोकळा राहिला, कारण दोन पोरांची शाळा, आजारपण, आईची फिजिओथेरपी यांतलं काहीच त्याच्या अंगावर पडत नव्हतं. त्याची पावती कुठं फाडून मिळते?

‘मग बायको काय पगारी नोकर आहे का?’ असा एक सवाल हमखास येतो, बहुधा फार हळव्या सुरात. नाही. नोकर असती तर किमान वेतन लागू झालं असतं. भागीदार आहे. भागीदारीत एकानं भांडवल घातलं आणि दुसऱ्यानं दुकान सांभाळलं, तर दुकान सांभाळणाऱ्याचा नफ्यात वाटा नसतो, असं कुठला व्यापारी म्हणेल? मद्रास हायकोर्टानं २०२३ मध्ये जवळजवळ हेच म्हटलं. नवरा सौदी अरेबियात कमवत होता, बायको इकडे घर आणि मुलं सांभाळत होती, त्या पैशातून इथं मालमत्ता घेतल्या. हायकोर्टाचं म्हणणं, ती घर सांभाळत होती म्हणून तो कमवू शकला. तिचाही सारखाच वाटा. पण हा एका न्यायमूर्तींच्या समजुतीचा निकाल, संसदेचा कायदा नाही.

आणि हा हक्क फक्त बायकांचाही नसावा. औरंगाबाद खंडपीठानं २०२२ मध्ये एका शिक्षिकेनं तिच्या घटस्फोटित नवऱ्यास महिना ३,००० रुपये अंतरिम पोटगी द्यावी हा खालच्या कोर्टाचा आदेश कायम ठेवला, तेव्हा पुष्कळांना हसू आलं. लग्न १९९२ चं, घटस्फोट २०१५ चा. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही. तेवीस वर्षांच्या संसारात मागे पडलेला माणूस पुरुष असू शकतो. मूल सांभाळायला घरी राहणारे बाप आता माझ्याकडे विवरणपत्रं भरायला येतात. दोन-तीनच, पण येतात.

वर्षं हे माप भोंगळ आहे, हे मी नाकारत नाही. दोघंही कमावती, मूल नाही, खाती वेगळी, असा पंधरा वर्षांचा संसार. आणि दोन बाळंतपणं, तीन बदल्या, अंथरुणाला खिळलेले सासरे, असा सात वर्षांचा. कुठला ‘मोठा’? म्हणून मालमत्तेची वाटणी झाल्यावरही पोटगी राहीलच, विशेषतः जिथं वाटायला मालमत्ताच नाही आणि जी काही आहे ती एकाची कमावण्याची ताकद. तिथं वर्षांचा उतार हवा, आणि त्याबरोबर मुलाचं संगोपन किती वर्षं कुणी केलं ते हवं. मोजणी कधी थांबवायची हाही पेच आहे. डिसेंबर २०२४ च्याच दुसऱ्या एका निकालात जोडपं जेमतेम पाच-सहा वर्षं एकत्र राहिलं होतं आणि वीस वर्षं वेगळं. सुप्रीम कोर्टानं पत्नीला एकरकमी ५ कोटी आणि मुलासाठी १ कोटी दिले. ‘सहा वर्षांचे पाच कोटी’ म्हणून तेही फिरलं. कोर्टकचेरीची वीस वर्षं संसारात धरू नयेत, मान्य. मालमत्तेची मोजणी वेगळं राहायला लागल्याच्या दिवशी थांबावी, नाहीतर जो खटला लांबवेल त्याचा फायदा. पण त्या वीस वर्षांत मूल कुणाजवळ वाढलं? ती वर्षं पोटगीच्या बाजूला धरलीच पाहिजेत. लग्न मोडतं, पालकपण चालू राहतं.

कायदा करायचा प्रयत्नच झाला नाही, असं नाही. २०१० मध्ये विवाह कायदे दुरुस्तीचं विधेयक आलं, ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूरही झालं. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला वाटा, पण किती, ते कोर्टानं ठरवायचं. पुन्हा तेच, ‘विचारात घेणे’. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळलं. त्यानंतर समान नागरी कायद्यावर इतका धुरळा उडाला. त्यात लग्न कितीवेळा करावं, नोंदणी कुठे करावी, सहजीवनाची खबर कुणाला द्यावी, सगळं आलं. घरातल्या पैशाचं काय, ते राहिलं.

त्या बाईंचं पुढे मध्यस्थीत मिटलं. आकडा अठरा लाखांवर ठरला, एकरकमी, पुढे कसलीही मागणी नाही या अटीवर. अठराच का, याला उत्तर नव्हतं. तिकडून दहा म्हटले, इकडून तीस, मध्ये कुठेतरी सगळे दमले. कागदांवर सह्या करण्याआधी त्या पुन्हा माझ्याकडे आल्या, कर लागतो का ते विचारायला. नवऱ्यानं दिलेल्या शपथपत्राची प्रतही सोबत होती. मी सवयीनं चाळली. एकाच कंपनीत १९९७ पासून, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना एक लाख वीस हजार. ग्रॅच्युइटीचं सूत्र असं असतं: शेवटचा पगार, भागिले सव्वीस दिवस, गुणिले पंधरा, गुणिले वर्षं. वर्षंही सव्वीसच. सव्वीसला सव्वीस गेले, राहिले पंधरा पगार. अठरा लाख.

मी बोलले नसते, पण बाई जुन्या कॅशियर. उलट्या बाजूनं माझा कागद वाचत होत्या. पिशवीतून शेवटची वही काढून त्यांनी मागच्या पानावर तोच गुणाकार स्वतः करून पाहिला. मग वही मिटली.

‘म्हणजे कंपनी त्यांना देणार तेवढेच ते मला देतायत,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांना दर महिन्याचा पगार झाला तो वेगळा.’

मग चष्मा लावून त्यांनी करारनाम्यातल्या दोन्ही तारखा बरोबर टाइप झाल्यात का ते बघितलं.